मागच्या रांगेतला हशा

एका नेत्याच्या जीवनपटात सभेचं एक दृश्य आहे. काळ चाळीसच्या दशकातला, मैदान अफाट, मंचाच्या दोन्ही बाजूंना दोन भोंगे, बाकी सगळीकडे माणसंच माणसं. नेता विरोधकांना एक टोला हाणतो आणि मैदान खळखळून हसतं. पुढच्या रांगेतला म्हातारा ज्या क्षणी हसतो, त्याच क्षणी पार मागे झाडाखाली उभी असलेली पोरंही हसतात. कपडेपट चोख, मंच चोख, नटाचं काम तर फारच उजवं. तरी ते हसणं खटकलं आणि नंतर कितीतरी दिवस खटकत राहिलं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचापासून १७० मीटरवरच्या माणसाला तो टोला अर्ध्या सेकंदानं ऐकू येतो. त्यात निम्मे शब्द वाऱ्यानं नेलेले, म्हणून तो आधी शेजाऱ्याकडे बघतो, ‘काय म्हणाले?’ असं विचारतो आणि मग हसतो. मोठ्या मैदानात हशा पुढून मागे सरकत जातो. तो मागे पोचेपर्यंत वक्ता थांबलेला असतो. त्या काळच्या वक्त्यांचा तो सुप्रसिद्ध ‘पॉज’ बराचसा असाच, मैदानाच्या लांबीतून आलेला आहे.

आणि तोच पॉज पडद्यावर आला की नटाची अदा होऊन बसतो.

राजकीय नेत्यावर चित्रपट करताना सगळ्यात जास्त पैसा, वेळ आणि चिंता सभेच्या दृश्यावर खर्च होते. ते साहजिकही आहे. गायकाचं काम ऐकवता येतं, पहिलवानाचं दाखवता येतं. नेत्याचं खरं काम मात्र बंद खोल्यांत, फायलींवर, मतांची बेरीज-वजाबाकी करण्यात आणि रुसलेल्यांची समजूत काढण्यात जातं. ते पडद्यावर आणायला धाडस लागतं. स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी २०१२ च्या ‘लिंकन’मध्ये ते केलं. अख्खं आयुष्य बाजूला ठेवून त्यांनी मुख्यतः १८६५ चा जानेवारी घेतला, आणि गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी एकेक मत कसं जमवलं गेलं हे दाखवलं. शेवटी ११९ विरुद्ध ५६ ही मतमोजणीच त्या चित्रपटाचा कळस ठरते. असे चित्रपट थोडे. बहुतेकांना सभा लागतेच. मग ती तरी नीट उभी करावी, कारण नेता कसा घडला हे जर कुठे दिसत असेल, तर ते ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं.

पहिली अडचण आवाजाची. नट ज्या आवाजाचा अभ्यास करतो, तो बहुतेक वेळा त्या भाषणाचा आवाज नसतोच. चर्चिल यांचं ‘आम्ही किनाऱ्यांवर लढू’ हे भाषण ४ जून १९४० रोजी ब्रिटिश संसदेत झालं. तिथं तेव्हा ध्वनिमुद्रण होत नव्हतं. आज आपण जो आवाज ऐकतो, तो त्यांनी १९४९ मध्ये आपल्या घरी बसून मुद्रित करून दिलेला आहे. पासष्ट वर्षांचा माणूस खचाखच भरलेल्या सभागृहात जे बोलला, ते चौऱ्याहत्तराव्या वर्षी शांत खोलीत मायक्रोफोनसमोर पुन्हा वाचलेलं आपण ऐकतो. त्यात समोरून येणारे आरडाओरडे नाहीत, थांबून वाट बघणं नाही, घाई नाही. नटानं ती लय जशीच्या तशी उचलली तर दृश्यात एक विचित्र संथपणा शिरतो, आणि तो कुठून आला हे कुणालाच कळत नाही. डॉ. आंबेडकरांचंही तसंच. १९५५ ची बीबीसीची मुलाखत आहे: इंग्रजीतली, बसून दिलेली, साठी ओलांडल्यावरची, प्रकृती खालावलेली असताना दिलेली. महाडला १९२७ साली पस्तिशीत मराठीतून उघड्यावर केलेल्या भाषणाचा आवाज मात्र नाही. मुलाखतीवरून स्वराचा पोत घेता येतो, शब्दावर जोर देण्याची सवय घेता येते, श्वास घेण्याच्या जागा घेता येतात. पट्टी आणि वेग मात्र उघड्या मैदानाच्या हिशेबानं नव्यानं बसवावे लागतात. लिंकन तर ध्वनिमुद्रणाचा शोध लागण्याच्या १२ वर्षं आधीच गेले. त्यांचा आवाज उंच, काहीसा चिरका होता असं त्यांना ऐकलेल्यांनी लिहून ठेवलंय. स्पिलबर्ग यांच्या चित्रपटात लिंकन झालेल्या डॅनियल डे-लुईस यांनी तोच धरला. धीरगंभीर लिंकन ऐकायला गेलेल्या अनेकांना तो आधी रुचला नाही. पण विचार करा: भोंगे नसताना हजारोंपर्यंत पोचायचं तर तसाच आवाज उपयोगी. खर्जातला भारदस्त आवाज मोकळ्या मैदानात दहाव्या रांगेपाशीच विरतो.

दुसरा फसवा स्रोत म्हणजे जुनी वृत्तचित्रं. त्या काळच्या हातात धरायच्या कॅमेऱ्यात ३५ मिलीमीटरची १०० फुटी रीळ बसायची. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर ती जेमतेम ६६ सेकंद चालते. दीड तासाचं भाषण आणि हाताशी एकेक मिनिटाची थोडीशी रिळं. कॅमेरामन काय करणार? तो हात वर जाण्याची, मूठ आवळण्याची, आवाज चढण्याची वाट बघणार. त्यामुळे आपल्याकडे शिल्लक आहेत ते त्या माणसाचे चढलेले क्षण. उरलेलं भाषण, म्हणजे आकडे वाचणं, चष्मा पुसणं, स्थानिक कार्यकर्त्यांचे आभार, कुणाला तरी ‘खाली बसा’ सांगणं, हे कुणी टिपलंच नाही. नट अशा वीस-पंचवीस तुकड्यांवर अभ्यास करतो आणि पहिल्या वाक्यापासून मूठ आवळून बोलायला लागतो. नेता सतत गर्जत राहतो. हा दोष नटाचा मानू नये, तो त्या रिळांच्या लांबीचा आहे. उपाय एकच: स्थिर छायाचित्रं गोळा करायची आणि त्यातही ज्या चौकटी वर्तमानपत्रानं छापल्या नाहीत त्या मिळवायच्या. न छापलेल्या चौकटींत माणूस पाणी पितो, मागच्या माणसाकडे वळून काही विचारतो, कागद शोधतो.

संहितेकडे येऊ. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. सभेतलं बोलणं मिनिटाला १०० ते १२० शब्दांच्या पुढे जात नाही, कारण मध्ये टाळ्या आहेत, हशा आहे, थांबणं आहे. म्हणजे चार मिनिटांच्या दृश्यात चारशे-साडेचारशे शब्द. मूळ भाषण आठ-दहा हजार शब्दांचं. इथं सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट युक्ती म्हणजे अजरामर झालेली चार वाक्यं उचलून एकामागे एक लावणं. ती वाक्यं अजरामर झाली, कारण त्यांच्या आधी वीस मिनिटं साधं, कंटाळवाणं, तपशिलाचं बोलणं झालं होतं. त्यामुळे त्या साडेचारशे शब्दांतले निदान दीडशे शब्द कोरड्या मजकुराला द्यावेत असं मला वाटतं: भाव किती चढले, किती गावांत पाणी नाही, मागच्या वर्षी काय वचन दिलं होतं. त्यावर एक गाजलेलं वाक्य पुरतं. आणि ते शेवटी ठेवूच नये. ते मध्ये यावं, नंतरही भाषण चालू राहावं.

भाषणाचा मजकूर मिळवताना एकाच वर्तमानपत्रावर विसंबलं की फसगत होते. दोन-तीन पत्रांचे वृत्तान्त, शक्य असेल तर गुप्त पोलिसांचा अहवाल, आणि सभागृहातलं भाषण असेल तर कामकाजाची छापील नोंद, हे सगळं शेजारी ठेवायचं. लघुलेखकांनी कंसात टाकलेले ‘हशा’, ‘टाळ्या’, ‘गोंधळ’ हे शब्द दिग्दर्शकासाठी सोन्यासारखे असतात. लोक नेमके कशावर हसले, कुठल्या वाक्यावर टाळी अपेक्षित असूनही पडली नाही, हे त्यातून कळतं. मुख्य म्हणजे आज थोर वाटणाऱ्या वाक्यावर त्या दिवशी कंसात काहीच नसतं. तिथं गर्दीकडून टाळ्या वाजवून घेणं म्हणजे आजचं मत त्या लोकांच्या तोंडी घालणं.

हक्कांचं बघायला उशीर करू नये. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरचा ‘सेल्मा’ २०१४ मध्ये आला, पण किंग यांच्या भाषणांचे चित्रपटासाठीचे हक्क आधीच दुसरीकडे दिलेले होते. दिग्दर्शिका अ‍ॅव्हा ड्युव्हर्ने यांनी किंग यांचं एकही मूळ भाषण न वापरता, त्यांच्या लयीत बसणारी नवी भाषणं लिहिली. ते त्यांना साधलं, प्रत्येकाला साधेल असं नाही. चित्रीकरण झाल्यावर वारसांकडून नकार आला तर सभेचं दृश्य पुन्हा उभं करायला निर्मात्याकडे पैसे उरलेले नसतात.

आता मंच. मायक्रोफोन हा इतका मधोमध असतो की त्यातली चूक लपत नाही. शुअर कंपनीचा तो गोलसर, जाळीदार, ‘जुना’ म्हटल्यावर सगळ्यांना आठवणारा ५५ नंबरचा माइक १९३९ मध्ये आला. १९३० च्या सभेत तो ठेवता येत नाही. रिबन मायक्रोफोनही प्रॉपर्टीवाले हौसेनं आणतात, पण त्यातली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी इतकी पातळ असते की वाऱ्याच्या झोतानं ताणली जाते. तो स्टुडिओत शोभतो, उघड्या मैदानात नाही. १९१९ च्या आधीची सभा असेल तर माइक मुळातच नको. ध्वनिवर्धकावरून बोलण्याचा एक सुरुवातीचा मोठा प्रसंग १९१९ चा आहे. सॅन डिएगोत अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन सुमारे पन्नास हजार लोकांसमोर बोलले होते. त्याआधी लोक उघड्या गळ्यानं बोलत. तेव्हा हात छातीच्या वर उचलावे लागत, हनुवटी वर ठेवावी लागे, वाक्यं तोडून बोलावं लागे. माइक आल्यावर शरीर खाली आलं, हात मोकळे झाले, कुजबुजणंही शक्य झालं. १९१५ चा आणि १९४५ चा तोच नेता दाखवायचा असेल, तर दाढी पांढरी करण्याआधी हा फरक दाखवायला हवा.

मेकअपमध्ये सगळे नाकाकडे बघतात. भाषणाच्या दृश्यात गोची होते ती दातांची. गाल भरण्यासाठी किंवा जबड्याची ठेवण बदलण्यासाठी तोंडात जे बसवतात, त्यानं ‘स’, ‘श’ आणि ‘च’ बिघडतात. ते साचे नटाला चित्रीकरणाच्या निदान दोन आठवडे आधी मिळाले पाहिजेत, आणि रोज तासभर ते घालून मोठ्यानं वाचलं पाहिजे. चित्रीकरणाच्या सकाळी पहिल्यांदा घातले तर पूर्ण भाषण नंतर डब करावं लागतं, आणि डब केलेल्या भाषणात छातीतला जोर येत नाही. चेहऱ्यावर चिकटवलेल्या सिलिकॉनच्या तुकड्याखाली घाम साठतो. बाहेर पडायला वाट नसली की तो ओठांच्या कोपऱ्याशी कडा उचलतो. उन्हात मंचावर उभ्या असलेल्या नटाच्या तोंडाभोवतीची कड दर दोन-तीन टेकनंतर तपासावी लागते. म्हणून क्लोज-अप सकाळी, गळा आणि कडा दोन्ही ताजे असताना घ्यावेत. दुपारनंतर घसा बसलेला असतो, तेव्हा लांबून घ्यायचे शॉट घ्यावेत.

गर्दीबद्दल लिहायला बसलं की थांबवत नाही. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या ‘गांधी’तली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी, म्हणजे खऱ्या अंत्ययात्रेला बरोबर ३३ वर्षं झाली त्या दिवशी, दिल्लीत चित्रित झाली. तीन लाखांच्या आसपास माणसं, कॅमेऱ्यांच्या ११ तुकड्या, २०,००० फूट फिल्म. एवढी फिल्म सलग चालवली तर पावणेचार तासांच्या जवळपास जाते. पडद्यावर राहिली १२५ सेकंद. त्यातली बहुसंख्य माणसं स्वतःहून आली होती, आणि ते त्यांच्या चालण्यात दिसतं. आता तसं कुणाला परवडत नाही. दिवसाला तीनशे ज्युनिअर आर्टिस्ट मिळाले तरी नशीब. तीनशे माणसं दाटीनं उभी केली, चौरस मीटरला चार धरली, तर ७५ चौरस मीटर भरतात, म्हणजे नऊ मीटर बाय साडेआठ मीटरचा तुकडा. मैदानाच्या मानानं तो कोपराच. म्हणून मग कॅमेरा पक्का बांधून ठेवतात, तीच माणसं एकेका पट्ट्यात सरकवून पाच वेळा शॉट घेतात आणि संगणकावर पट्टे जोडतात. यात काय बिघडतं ते ठरलेलं आहे. सकाळ-संध्याकाळच्या उन्हात सावल्यांची लांबी भराभर बदलते. पाच पट्टे वीस मिनिटांत झाले नाहीत, तर एका बाजूच्या माणसांच्या सावल्या दुसऱ्या बाजूपेक्षा लांब दिसतात. जोड लपवायला पट्ट्यांच्या सीमेवर खांब, दोरखंड किंवा जाण्यायेण्याची वाट आधीच मांडून ठेवावी. लाल मुंडाशाचा एकच माणूस पाच ठिकाणी दिसू नये म्हणून भडक कपडेवाले दर वेळी मागे पाठवावेत. चेहऱ्यांवर कोरलेल्या भुवया, मशीननं आखलेल्या दाढ्या, दातांच्या तारा दिसतात. अशांना पहिल्या चार रांगांत बसवूच नये. कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर तीनशे माणसंही समुद्रासारखी भासतात. क्रेन वर गेली की मोकळं मैदान उघडं पडतं.

पण ही झाली संख्या. गर्दी खरी वाटते ती लक्ष नसलेल्या माणसांमुळे. कुठल्याही खऱ्या सभेत दहातला एक जण त्या क्षणी मंचाकडे बघत नसतो. पोराला गप्प करत असतो, मागच्या ओळखीच्याला खूण करत असतो, पायाला मुंग्या आल्या म्हणून बूड बदलत असतो. दर दहांतल्या एकाला असं छोटं काम नेमून द्यावं. सगळे एकटक बघताहेत अशी गर्दी भीतिदायक दिसते.

आणि पहिला टेक गर्दीवर घ्यावा, नेत्यावर नको.

हा आग्रह मी सोडणार नाही. सेटवर सगळं उलट चालतं. नटाच्या तारखा महाग, म्हणून आधी त्याचे शॉट. अकराव्या टेकपर्यंत समोरच्या माणसांना भाषण पाठ होतं, विनोदाच्या आधीच त्यांचे ओठ हलायला लागतात. दुपारी तीन वाजता कॅमेरा वळून त्यांच्याकडे येतो तेव्हा तोंडावर झोप असते, आणि असिस्टंट ओरडून त्यांना हसवतो. मग सगळे एकदम हसतात, कारण त्यांना हसा म्हणून एकाच क्षणी सांगितलेलं असतं. त्याऐवजी सकाळी, कुणी एक अक्षरही ऐकलेलं नसताना, नटानं पूर्ण भाषण एकदा सलग करावं आणि तीन कॅमेरे फक्त ऐकणाऱ्यांवर ठेवावेत. सरावही त्यांच्यासमोर करू नये. भोंगे खरे लावावेत, चालू ठेवावेत. आवाज खरोखर मागे उशिरा पोचू द्यावा. ते जे हसतील, जांभया देतील, मान डोलावतील, ते त्यांचं स्वतःचं असेल, आणि हशा आपोआप पुढून मागे जाईल. पुढच्या टेकमध्ये ही लाट पुन्हा आणायची असेल तर गर्दीचे चार भाग करून प्रत्येकाला एक असिस्टंट आणि एक रंगीत रुमाल द्यावा. रुमाल एकामागून एक खाली येतील तसा एकेक भाग हसेल. हे दुय्यम आहे, पण चालतं.

भोंगे चालू ठेवण्याला साउंड रेकॉर्डिस्ट हरकत घेतो आणि त्याचं म्हणणं रास्त असतं. भोंग्यांचा परत येणारा आवाज संवादात मिसळला की नंतर वेगळा काढता येत नाही. मंचावरच्या खोट्या माइकच्या पोटात आवाज टिपणारी एक खरी छोटी कॅप्सूल बसवली तर ती तोंडाजवळ असल्यामुळे बराचसा स्वच्छ संवाद मिळतो. क्लोज-अपच्या वेळी भोंगे बंद करावेच लागतात, आणि तिथं एक नाजूक गोष्ट घडते. शंभर मीटरवरच्या भोंग्यातून स्वतःचा आवाज तीन दशांश सेकंदानं परत येत असला की माणूस नकळत सावकाश बोलतो, वाक्य तोडतो. भोंगे बंद होताच नट भरभर बोलायला लागतो. संकलनाच्या टेबलावर लांबचा शॉट आणि क्लोज-अप जुळत नाहीत, आणि सगळे नटाला दोष देतात. त्याच्या कानात एक बारीक इअरपीस देऊन त्याचाच आवाज तेवढ्याच उशिरानं ऐकवला की लय टिकते. अंतिम मिश्रणात काहीजण आवाजाचा वरचा-खालचा भाग कापून, साधारण ३५० ते ४,००० हर्ट्‌झ तेवढं ठेवून भोंग्याचा भास आणतात. चालतं. पण स्वच्छ मुद्रित केलेलं भाषण रात्री रिकाम्या मैदानात खऱ्या भोंग्यांवरून वाजवून, मंचाजवळ, मध्यावर आणि पार मागे माइक ठेवून पुन्हा मुद्रित केलं, तर जे मिळतं त्याला तोड नाही. मागच्या माइकवर दोन भोंगे एकमेकांशी भांडतात, जोडाक्षरं पुसट होतात, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाला नेत्याचे शब्द कमी, त्याचा सूर जास्त ऐकू येत होता हे कळतं. या आवाजाखाली पार्श्वसंगीत घालू नये. तंतुवाद्यं चढायला लागली की ऐकणाऱ्याच्या वतीनं निर्णय झालेला असतो.

हे सगळं शिकताना मनात एक अवघडलेपणही साठत जातं. खालून वर बघणारी लेन्स, वाढवलेली गर्दी, लांबवलेल्या टाळ्या: याच अवजारांनी प्रचारपटही होतात, आणि अवजार दोन्हीकडे तितकंच छान चालतं. टाळी सहा सेकंदांची होती, ती संकलनात चौदा सेकंदांची केली की माणूस मोठा होतो. कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मला वाटतं की सभेच्या दृश्यात निदान एक तरी माणूस न पटलेला असावा, आणि तो खलनायक नसावा. वृत्तान्तात तो बहुतेक वेळा असतोच: मध्येच उठून प्रश्न विचारणारा, ‘मागच्या वेळचं काय झालं?’ म्हणणारा. जीवनपटाचा पहिला कच्चा कट नेत्याच्या कुटुंबीयांना, जुन्या सहकाऱ्यांना दाखवतात तेव्हा हाच माणूस काढायला सांगितला जातो. त्यांचं प्रेम खरं असतं, त्यांना दुखवणं जिवावर येतं. अशा वेळी त्या दिवसाचा छापील वृत्तान्त बरोबर न्यावा आणि ‘गोंधळ’ या कंसानंतर नेत्यानं दिलेलं उत्तर त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं. पुष्कळदा त्या उत्तरात तो माणूस सगळ्यात जास्त जिवंत असतो: चिडलेला, सावरलेला, कधी चूक मान्य करणारा. प्रश्न काढला तर ते उत्तरही काढावं लागतं, हे तिथंच सांगावं आणि निर्णय त्यांच्यासमोर, त्याच बैठकीत घ्यावा. कट बंद झाल्यावर फोनवरून होणाऱ्या काटछाटीत सगळ्यात आधी हीच वीस सेकंदं जातात.